कान पुढे, डोळा मागे : आयुष्यभराचा वाचक कसा घडतो

ज्या घरात पुस्तकांची कपाटे भरलेली असतात त्या घरातील सगळीच मुले वाचक होत नाहीत, आणि ज्या घरात पंचांगाखेरीज छापील कागद नव्हता अशा घरांतूनही जन्मभर वाचणारी माणसे निघालेली आपण पाहतो. त्यामुळे वाचन ही उपजत आवड आहे, एखाद्यात ती असते आणि एखाद्यात नसते, असा समज आपल्याकडे पक्का झाला आहे. ‘आमच्या मुलाला वाचनाची गोडीच नाही’ हे वाक्य पालक मुलाच्या उंचीबद्दल बोलावे इतक्या सहजपणे बोलून जातात. हा समज मला चुकीचा वाटतो आणि घातकही वाटतो, कारण एकदा दोष मुलाच्या स्वभावावर टाकला की मोठ्यांनी करण्यासारखे काही उरतच नाही. गेल्या चार-पाच दशकांतील संशोधनातून वेगळेच चित्र दिसते. भाषा कानाने समजण्याची ताकद आणि छापील मजकूर डोळ्यांनी वाचण्याची ताकद या दोन्ही एका वेगाने वाढत नाहीत. कान बरीच वर्षे पुढे असतो. त्या वर्षांत डोळा दमून थांबणार नाही अशी व्यवस्था झाली तर माणूस वाचक होतो, आणि ती झाली नाही तर शाळा संपताच पुस्तक हातातून सुटते.

हे अंतर का पडते ते आधी पाहू. बोलणे मुलाला शिकवावे लागत नाही. माणसांच्या सहवासात वाढले की ते आपोआप येते. लेखनाचा शोध मात्र सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि मेंदूच्या घडणीच्या हिशेबाने हा काळ इतका थोडा आहे की वाचनासाठी स्वतंत्र जागा मेंदूत जन्मतः असणे शक्य नाही. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांनी मांडले आहे की वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागचा आणि खालचा एक भाग, जो मुळात चेहरे आणि वस्तू ओळखण्याचे काम करतो, तो अक्षरे ओळखण्याच्या कामाला जुंपला जातो आणि बोलीभाषा समजणाऱ्या भागांशी जोडला जातो. ही जोडणी सरावानेच होते. म्हणून प्रत्येक मुलाला वाचन नव्याने, कष्टाने आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मदतीने कमवावे लागते.

१९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी वाचनाचे एक साधे समीकरण मांडले, जे आजही या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. वाचून समजणे म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले ती भाषा ऐकून समजण्याची क्षमता. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. संस्कृत न येणारा मराठी माणूस संस्कृत श्लोक घडाघड वाचू शकतो आणि त्याला अर्थ लागत नाही. उलट गोष्ट उत्तम समजणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीसमोर तीच गोष्ट छापून ठेवली तर तिला त्यात काळ्या खुणांखेरीज काही दिसत नाही.

आता मराठीकडे येऊ. आपली लिपी उच्चारानुसार चालते म्हणून ती सोपी आहे, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर तीसहून अधिक व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी मिळून चारशेच्या वर आकृत्या होतात, आणि जोडाक्षरे त्यांच्याही पुढची. एकट्या ‘र’चीच रूपे पाहा : ‘रस’मधला र, ‘सूर्य’मधला डोक्यावर चढलेला रफार, ‘प्रकाश’ आणि ‘ट्रक’मधले तळाशी वेगवेगळ्या तऱ्हेने लागणारे र, आणि ‘सुऱ्या’मधला आणखी निराळा. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च एकच अक्षर असूनही उच्चाराने वेगळे आहेत, आणि ते छपाईत कोठेही दाखवले जात नाही. डॉ. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून दाखवले की अशा अक्षरलिपीवर पूर्ण हुकमत यायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो. मराठीची लिपी त्याच कुळातली असल्याने पहिलीच्या वर्षअखेरीस ‘याला अजून वाचता येत नाही’ म्हणून घाबरे होणारे पालक आणि दुसरीत ‘आता येते’ म्हणून निश्चिंत होणारे पालक, दोघेही घाईच करत असतात.

‘वाचता येणे’ आणि ‘सहज वाचता येणे’ यांत मोठा फरक आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न याच फरकात दडलेला आहे. वाचताना आपले डोळे ओळीवरून सरकत नाहीत. ते उड्या मारत जातात आणि प्रत्येक थांब्यावर सुमारे पाव सेकंद स्थिरावतात. सरावलेला वाचक त्या पाव सेकंदात अख्खा शब्द ओळखतो, तर नवशिका एकेका अक्षराशी झगडतो. आणि मनाची तात्पुरती आठवण फार लहान असते. ‘दुष्काळामुळे गाव सोडून गेलेल्या शेतकऱ्याची म्हातारी आई एकटीच घरी राहिली’ हे वाक्य ‘दु... ष्का... ळा... मु... ळे’ असे फोडत वाचणारा मुलगा ‘राहिली’पर्यंत पोहोचतो तेव्हा कोण राहिली हे त्याच्या मनातून निसटलेले असते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने वाक्याचा अर्थ शेवटच्या शब्दापर्यंत अडून राहतो आणि हळू वाचणाऱ्याला तो भार अधिकच जाणवतो. असा मुलगा ओळ पुन्हा वाचतो, पुन्हा अडखळतो आणि पुस्तक मिटतो. त्याला आपण आळशी म्हणतो. वास्तविक त्याने केलेले कष्ट आपल्यापेक्षा कितीतरी अधिक असतात, फक्त त्या कष्टांचे फळ, म्हणजे गोष्ट, त्याच्या हाती आलेले नसते.

याच मुलाला कानाने मात्र काय काय समजत असते! सहा-सात वर्षांचे मूल रामायणातील कैकेयीचा हट्ट समजून घेते, बिरबलाची हुशारी ओळखते, घरातील मोठ्यांच्या बोलण्यातला न बोललेला रागही टिपते. आणि वाचायला त्याला मिळते ‘कमल नमन कर’, ‘छगन घर बघ’. शिकण्याची पायरी म्हणून ही वाक्ये आवश्यक आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुस्तकात याहून अधिक काही नसते असा मुलाचा ग्रह झाला तर तो चूक आहे असे त्याला कोण सांगणार? कानाची समज आणि डोळ्यांची समज साधारण सातवी-आठवीच्या सुमारास बरोबरीला येतात, असे संशोधक सांगतात. याचा सरळ अर्थ असा की तोपर्यंत मुलाला स्वतः वाचून जितके समजते त्याहून अधिक आणि अधिक रसाळ असे ऐकून समजते. आणि नेमक्या याच वर्षांत, बहुधा दुसरी-तिसरीत, ‘आता तुझे तू वाच’ असे म्हणून आपण त्याला वाचून दाखवणे बंद करतो. सुशिक्षित, पुस्तकप्रेमी घरांतही ही चूक होते, आणि पुस्तकांनी भरलेल्या घरातले मूल वाचक का होत नाही याचे एक मोठे उत्तर येथे आहे.

मोठ्याने वाचून दाखवण्याचा आणखी एक उपयोग फारसा लक्षात घेतला जात नाही. पुस्तकाची भाषा बोलण्याची भाषा नसते. ‘तो उद्गारला’, ‘तथापि’, ‘दरम्यान’, ‘असे असूनही’ हे कोणी जेवताना बोलत नाही. हे शब्द आणि ही लांब, एकात एक गुंतलेली वाक्ये आधी कानावरून गेली असतील तर छापील पानावर ती ओळखीच्या माणसासारखी भेटतात. आपल्या परंपरेला हे ठाऊक होते असे म्हणायला हरकत नाही. चातुर्मासात एक जण पोथी वाची आणि बाकीचे ऐकत; १७०२ मध्ये पूर्ण झालेला श्रीधरांचा ‘हरिविजय’ आणि १७१२ मधला ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ महाराष्ट्रातील असंख्य निरक्षर स्त्री-पुरुषांना कानांनी ठाऊक होते. अक्षर न ओळखणाऱ्या आजीजवळ ग्रांथिक मराठीचा जो साठा असे, तो नातवाला आयता मिळत असे.

परंतु कान पुढे असतो, हे सगळ्या मुलांबाबत खरे नाही, आणि ही गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटते. मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल, गडचिरोलीतील माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल, नंदुरबारकडील भिली बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा पाठ्यपुस्तकाची मराठी त्याच्या कानालाही परकी असते. त्याच्यासाठी समीकरणाच्या दोन्ही बाजू रिकाम्या असतात. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी घरातील मुलाचे अंतर कमी असले तरी ते असतेच. घरात बोलला जाणारा शब्द पुस्तकात ‘चूक’ ठरतो हा अनुभव त्याला पहिल्या आठवड्यातच येतो. अशा मुलाला घरच्या भाषेत गोष्टी, आणि त्या भाषेत छापलेली निदान काही पुस्तके मिळाली तर अक्षरांची खटपट करताना अर्थ तरी त्याच्या बाजूने उभा राहतो. तेवढे न करता त्या मुलांना वाचनात मागास ठरवणे हा अन्याय आहे.

अंतर वेळेवर भरून निघाले नाही तर पुढे काय होते ते कॅनडातील मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मधील एका प्रसिद्ध निबंधात सांगितले आहे. ज्याला सहज वाचता येते तो अधिक वाचतो. अधिक वाचल्याने त्याचा शब्दसंग्रह आणि माहिती वाढते. त्यामुळे पुढचे वाचन आणखी सोपे होते. ज्याला अडखळत वाचावे लागते तो टाळतो, टाळल्याने सराव होत नाही, आणि दरम्यान पुस्तके कठीण होत जातात. सुरुवातीचे लहानसे अंतर दर वर्षी व्याजासारखे वाढत जाते. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ग्रामीण भारतात जी ‘असर’ पाहणी करते, तीत मुलांना एकेकट्याने बसवून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. २०१८ मध्ये तिसरीतील २७.३ टक्के मुलांना तो वाचता आला. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी पाचवीतील निम्म्याहून कमी, ४२.८ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. पाचवीच्या मुलांपुढे इतिहास आणि विज्ञान यांची पुस्तके ठेवली जातात तेव्हा त्यांतील बहुसंख्यांसाठी ती पुस्तके बंदच असतात, हे लक्षात घेतले म्हणजे वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावरील भाषणे किती उशिराच्या टप्प्यावर बोलतात ते कळते.

माहितीचा आणि वाचनाचा संबंध किती जवळचा आहे हे अमेरिकेतील एका छोट्या प्रयोगातून दिसले. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्चे समजले जाणारे, पण बेसबॉलची उत्तम माहिती असणारे विद्यार्थी, वाचनात पक्के पण खेळाची माहिती नसणाऱ्यांच्या पुढे गेले. आपल्याकडे क्रिकेटबाबत हेच घडेल, याबद्दल मला शंका नाही. म्हणून ज्या मुलाला ट्रॅक्टर, साप, किल्ले किंवा क्रिकेट यांचे वेड आहे त्याच्या हाती त्याच विषयाचे पुस्तक पडावे. त्याच्याजवळची माहिती त्याच्या कच्च्या वाचनाला खांदा देते, आणि आपण अख्खे पुस्तक वाचू शकतो हा अनुभव त्याला पहिल्यांदा येतो.

येथे निवडीचा प्रश्न उभा राहतो. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या वाचनाला आपण ‘अवांतर वाचन’ म्हणतो. ज्या वाचनातून वाचक घडतो त्यालाच आपण मुख्य कामाच्या बाहेरचे ठरवले आहे. मूल भुताच्या गोष्टी, विनोदी चुटके, चित्रकथा वाचते म्हणून चिंता करणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की सहजता ही मैलांच्या हिशेबाने येते, आणि मैल चालण्यासाठी वाट आवडीची असावी लागते. एकच पुस्तक दहा वेळा वाचणारे मूलही वेळ वाया घालवत नसते, कारण दहाव्या वाचनाला त्याचा डोळा शब्दांवर थांबत नाही आणि मन गोष्टीत मोकळे फिरते.

बक्षिसांबाबत मात्र जपून राहावे. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले. प्रशस्तिपत्र मिळाले, पण पुढे मोकळ्या वेळेत हीच मुले चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. वाचनाला गुण, तारे आणि बक्षिसे लावताना हा धोका ओळखावा. जे मूल अजून वाचतच नाही त्याला सुरुवातीला ढकलण्यासाठी एखादे आमिष चालून जाईल; जे आपण होऊन वाचते आहे त्याला पैसे देऊ नयेत. प्रत्येक पुस्तकानंतर सारांश लिहून मागणे हेही एक प्रकारे वाचनावर कर बसवण्यासारखे आहे.

आता मोठ्यांची, जागेची आणि पुस्तकाची गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वाचन हे आपल्याकडे नेहमी जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि त्यांची जिद्द असामान्य होती यात वादच नाही. पण त्यांच्या लहानपणाकडे वाचक घडण्याच्या दृष्टीने पाहिले तर आणखी बरेच दिसते. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की वडील, रामजी सकपाळ, त्यांना रामायण-महाभारतातील भाग रोज बहिणींना आणि घरी कथा ऐकायला जमलेल्या मंडळींना वाचून दाखवायला लावत, आणि हे अनेक वर्षे चालले. म्हणजे ऐकणारे समोर बसलेले असताना मोठ्याने, नेमाने वाचणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा सराव होता. हेच रामजी मुलाने मागितलेल्या पुस्तकासाठी लग्न झालेल्या मुलींकडून पैसे उसने आणत, प्रसंगी मुलीचा दागिना गहाण ठेवत आणि निवृत्तिवेतन आले की सोडवत. परळच्या चाळीतील खोली अपुरी, म्हणून भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाची त्यांच्यावर नजर पडली. केळुसकरांनी त्यांना पुस्तके दिली, आणि परीक्षेतील यशाबद्दल झालेल्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलगा वडिलांनाच विचारू लागला की आम्हाला बौद्ध साहित्याची ओळख का करून दिली नाहीत आणि शूद्रांच्या अवहेलनेच्या कथा असलेले ग्रंथच का वाचायला लावता. ऐकणारी माणसे, पुस्तकासाठी पैसे उभे करणारा बाप, बसायला बाग, आणि योग्य वेळी योग्य पुस्तक हाती ठेवणारा एक परका मोठा माणूस, हे सारे त्या जिद्दीच्या भोवती होते. आज जिद्दीचे गुणगान करताना त्यातील बागेची आणि केळुसकरांची जागा कोण घेणार, हे आपण विचारत नाही.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील दोन म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. महाराष्ट्राला ग्रंथालयांचा वारसा मोठा आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे, आणि १९६७ च्या कायद्याने राज्यभर गावोगाव अनुदानित वाचनालये उभी राहिली. पण कपाटाला कुलूप आणि यादीतून क्रमांक सांगून पुस्तक मागण्याची पद्धत मुलासाठी निरुपयोगी आहे, कारण त्याला काय हवे ते पुस्तक हाताळल्याशिवाय कळतच नाही. साताऱ्यातील भिलार येथे २०१७ पासून घरांत, देवळांत आणि शाळांत पुस्तके मांडली आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतील पेट्या दुबईतल्या मराठी घरांपर्यंत पोहोचल्या आहेत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात. वाचनालय दूर असलेल्या पालकांनी निदान हे अंक तरी मुलांना उघडून द्यावेत.

बाराव्या-तेराव्या वर्षानंतर डोळा कानाच्या बरोबरीला आलेला असतो आणि धोका बदलतो. परीक्षा, शिकवण्या आणि मोबाइल यांत वेळच उरत नाही, आणि पुढे नोकरी-संसारात वाचन मागे पडते. येथे एक दिलासा आहे : लहानपणी कमावलेली सहजता सहसा नाहीशी होत नाही, फक्त सलग बसण्याची सवय मोडते. ती हळूहळू परत आणता येते. ज्यांना पुन्हा सुरुवात करायची आहे त्यांनी जाडजूड ग्रंथाचा संकल्प सोडून पूर्वी आवडलेले एखादे पुस्तकच पुन्हा उघडावे, किंवा दिवाळी अंक घ्यावा. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा मला प्रौढ वाचकासाठी अजूनही उत्तम दार वाटते, कारण एका अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रे शेजारी शेजारी असतात आणि वाटेल तेथे थांबता येते. ऐकण्याच्या पुस्तकांनाही कमी लेखू नये. कानाने आत आलेले पुस्तक हे पुस्तकच असते, आणि दृष्टी मंदावलेल्यांसाठी तर तोच मार्ग उरतो.

आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींची दृष्टी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही नीट आली नाही. चौथीतली एक मुलगी रोज शाळेतून आल्यावर त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. आजी स्वतः तिसरीच्या पुढे शिकलेल्या नाहीत. मुलगी ‘स्था... स्थायी स... समि...’ अशी अडली की आजी डोळे मिटूनच ‘समिती’ म्हणतात, आणि मुलगी बोट पुढच्या शब्दावर सरकवते.